निंगव्वाची बासष्ट मेंढरं

निंगव्वाच्या चित्रात मेंढरं असली की ती बासष्ट असायची. साठ नाही, पासष्ट नाही, बासष्ट. कागद केवढाही असो. एकदा मी वर्गाला पोस्टकार्डाएवढे कागद वाटले आणि 'माझं गाव' असा विषय दिला. बाकीच्यांनी दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि नदीकाठी झोपडी काढली. आमच्या सोलापुरात डोंगर औषधालाही सापडत नाही, पण पोरं वर्षानुवर्षं तेच काढत आली आणि मी त्याला दहापैकी सात देत आलो. निंगव्वानं त्या पोस्टकार्डावर बासष्ट मेंढरं काढली. मुंगीएवढी. ती थाप मारतेय अशी मला खात्री होती, म्हणून प्रयोगशाळेतून भिंग आणून मोजली. बासष्ट भरली.

मी तिला समजावलं. म्हटलं, चित्रकलेत एक युक्ती असते. पुढची पाच-सहा नीट काढायची, मागं नुसते ठिपके द्यायचे. बघणाऱ्याला कळप दिसतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाकीची कुटं गेली म्हणायची सर?"

"मागं आहेत. धुळीत."

"धुळीत म्हंजे? लांडग्यानं नेली का चोरानं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. संध्याकाळी मेंढरं कोंडताना एक जरी कमी भरलं तरी तिचे अप्पा, म्हणजे वडील, भाकरीला हात लावत नसत, कंदील घेऊन रान पालथं घालत. अशा घरच्या मुलीला मी ठिपके द्यायला सांगत होतो.

आता माझ्याविषयी थोडं. मी सोलापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. शाळेची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्या मंडळींनी मला 'निंगव्वाचं चित्र मी कसं घडवलं' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. शाळेच्या जिन्याजवळ त्या चित्राचा मोठा फोटो काचेच्या चौकटीत लावलेला आहे, खाली तिच्या नावापुढं 'मार्गदर्शक' म्हणून माझंही नाव आहे. जाणारा-येणारा ते वाचतो. तर मंडळींनो, ते चित्र मी घडवलेलं नाही. मी त्याचं काय केलं ते सांगणारच आहे, पण आधी मुलगी कशी होती ते ऐका. तिच्याविषयी बोलायला लागलो की माझी छाती अजून फुगते. ती फुगवण्याचा हक्क मला कितपत आहे, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

निंगव्वा मंद्रूपच्या बाजूची. आठवीत आमच्या शाळेत आली. आई-वडील मेंढरांमागं रानोमाळ फिरणारे. शाळेसाठी पोर एका जागी राहावी म्हणून तिला अक्कलकोट रोडच्या बाजूला आत्याकडं ठेवली होती. आत्या टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला. वर्गातल्या पोरी पहिल्याच दिवशी तिला 'निंगी' म्हणायला लागल्या. तिनं उभं राहून सांगितलं, "माज्या आज्जीचं नाव हाय. अर्दं खाऊ नका." त्या दिवसापासून अख्खी शाळा, मुख्याध्यापकांसकट, तिला पूर्ण नावानं हाक मारायला लागली.

तिला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. जिना चढताना पायऱ्या, प्रार्थनेला रांगा, शिपायाच्या खिशातल्या किल्ल्या. आणि मोजायची कन्नडमधून. ओठ हलताना दिसायचे, ओंदु, एरडु, मूरु. मी विचारलं, मराठी माध्यमात शिकतेस, मराठीत का मोजत नाहीस? म्हणाली, "अप्पा असंच मोजतो. मराठीत मोजलं की मेंढरं बिचकत्यात." मी म्हटलं, इथं मेंढरं कुठं आहेत? तिनं प्रार्थनेच्या रांगांकडं एकदा पाहिलं.

ह्या खोडीचा उपयोगही झाला. शाळेची सहल गेली होती. परतताना बसमध्ये बाईंनी हजेरी घेतली, सगळे 'हजर'. बस सुटली. निंगव्वा मागच्या सीटवरून उठून पुढं आली आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मामा, थांबवा. एक कमी हाय." बाईंनी यादी दाखवली. तिनं यादीकडं बघितलंही नाही. यादी काय, यादीला काय कळतंय, असा चेहरा. शेवटी बस मागं वळवली, तर सहावीतला एक गडी बागेतल्या बाकाखाली गाढ झोपलेला. त्याच्या नावाला मित्रानं 'हजर' म्हणून दिलं होतं. तेव्हापासून कुठल्याही वर्गाची सहल निघाली की मुख्याध्यापक विचारायचे, निंगव्वा येतेय ना?

मधल्या सुट्टीत ती चित्रकलेच्या वर्गात येऊन बसायची. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. भाकरी पापडासारखी मोडायची आणि अर्धी मला द्यायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "खावा की सर, तुमच्या डब्यातली पोळी लई मऊ हाय, दातांस्नी कामच न्हाय." मग जेवता जेवता गणिताच्या वहीची मागची पानं दाखवायची. तिथं मेंढरांचे चेहरे. एका पानावर चार. खाली नावं: भुंडी, कानफाटी, चांदी, म्हातारी. मी एकतीस वर्षं प्राणी काढले, पण मेंढरा-मेंढराला वेगळा चेहरा असतो हे मला त्या वहीनं शिकवलं. म्हातारीच्या डोळ्यात खरंच म्हातारपण होतं. कानफाटी संशयी होती. मी ते चेहरे बघून स्टाफरूममध्ये जायचो आणि गणिताच्या सरांना सांगायचो, तुमच्या वहीत काय चाललंय बघा. ते म्हणायचे, बघितलंय, पुढच्या पानांवर काही नाही.

आमचं एकाच गोष्टीवर जमत नसे. आकाश.

माझं आकाश जिल्ह्यात प्रसिद्ध होतं. खोटं सांगत नाही. वर गडद निळा, खाली येता येता फिका, मध्ये कुठं थेंबाचा डाग नाही, ओला ब्रश एका दमात. इतर शाळांचे चित्रकलेचे शिक्षक मला 'आभाळवाले सर' म्हणायचे. आणि ही मुलगी आकाशाच्या जागी कोरा कागद सोडायची.

"वरचं रंगवायचं राहिलंय," मी म्हणायचो.

"ऱ्हायलं न्हाय सर. आबाळ हाय ते."

"आभाळ निळं असतं."

"सकाळी असतंय. उन्हाळ्यात दुपारचं पांडरं असतंय की. डोळं दिपत्यात असं." मग, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, "तुमी त्या वक्ताला वर्गात असताय, तुमाला कुटनं दिसायचं."

ती नववीत होती तेव्हा एका संस्थेनं जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांसाठी हवामान बदलावर चित्रकलेची स्पर्धा घेतली. प्रत्येक शाळेतून चित्रं पाठवायची. त्यातून निवडलेल्या मुलांना शहरातल्या सभागृहात बोलावणार, परीक्षक त्यांच्याशी बोलणार. पहिल्या तिघांना पुण्याला आठ दिवसांच्या चित्रकला शिबिराला नेणार. मी हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा निंगव्वानं एकच प्रश्न विचारला, "तितं कागद केवढा देत्यात?" मी म्हटलं, शिबिरात मोठे कागद असतात, अंथरुणाएवढेसुद्धा. त्यानंतर तिनं तोच प्रश्न मला आणखी तीनदा विचारला. वेगवेगळ्या दिवशी, जणू मधल्या काळात कागद लहान झाला असेल. अंथरुणाएवढ्या कागदावर बासष्ट मेंढरं ऐसपैस मावतील, हा तिचा हिशोब होता. त्या मुलीनं शाळेत कधी काही मागितलं नव्हतं. पुस्तकंसुद्धा वरच्या वर्गातल्या मुलींची जुनी. पण हा कागद तिला हवा होता.

हवामान बदलाचं चित्र कसं काढायचं हे आम्हा शिक्षकांचं ठरलेलं असे. कागदाचे दोन भाग. डावीकडं हिरवं झाड, उजवीकडं तेच झाड वाळलेलं. मध्ये पृथ्वी, तिच्या तोंडात थर्मामीटर, डोळ्यांत अश्रू. कोपऱ्यात चिमणी आणि धूर. वर्गातल्या सगळ्यांनी हेच काढलं. निंगव्वानं जानेवारीत बसून गेल्या एप्रिलची दुपार काढली.

माळावर एकच बाभूळ. तिची सावली एवढीशी. त्या सावलीत एकसष्ट मेंढरं कोंबलेली, एकमेकांना चिकटून, आणि एकाचंही तोंड दिसत नाही. मी विचारलं, ह्यांची डोकी कुठं? म्हणाली, "उन्हात मेंढरं डोकी एकमेकीच्या पोटाखाली घालत्यात. तेवडीच सावली. आदी अशी उन्हं मे महिन्यात यायची. आता मार्चमदीच बसत्यात अशी. अप्पा म्हणतो, पूर्वी हे झाड पुरायचं." बाभळीच्या सावलीबाहेर, भर उन्हात, तिचे अप्पा काठीवर रेलून उभे. त्यांना सावलीत जागा उरलेली नाही. त्यांची सावली जमिनीवर पडली आहे आणि त्या सावलीत एक कोकरू बसलं आहे. बासष्टावं. वर सगळं आकाश कोरं.

मी ते चित्र बघितलं आणि मला कळलं की माझ्या एकतीस वर्षांत ह्या वर्गात असं चित्र झालेलं नाही. हे मला कळलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण त्यानंतर मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

आमच्या धंद्यात 'हात फिरवणं' म्हणतात. स्पर्धेला चित्र पाठवायच्या आधी शिक्षक त्यावर थोडा हात फिरवतो. इथं सावली, तिथं कडा, कुठं एखादं फूल. सगळेच करतात. स्पर्धा मुलांची असते आणि चित्रं बरीचशी आमची असतात. प्रदर्शनात आम्ही एकमेकांचे हात ओळखायचो. हा अमक्या शाळेच्या सरांचा मोर, ही तमक्या बाईंची नारळाची झाडं. कुणी कुणाचं नाव घेत नसे, कारण प्रत्येकाचा मोर कुठं ना कुठं टांगलेला असे.

चित्रं पाठवायच्या आदल्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी ते चित्र पुढं घेऊन बसलो. मला वाटलं, परीक्षकांना हे कळणार नाही. कोरं आकाश बघून म्हणतील, अपुरं सोडलंय. तोंडं नसलेली मेंढरं बघून म्हणतील, हे धोंडे आहेत का? आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. शेवटच्या वर्षी माझ्या शाळेला पुण्याचं शिबिर मिळावं असं मला वाटत होतं. शाळेला म्हणजे मला. मी पाणी घेतलं, निळा रंग घेतला आणि माझं आकाश एका दमात दिलं. फार सुंदर उतरलं. मग पुढच्या सात मेंढरांना मी तोंडं दिली.

आता माझी मेंढरं कशी असतात ते सांगितलं पाहिजे. एकतीस वर्षं लहान मुलांना शिकवून माझ्या हाताला एक खोड लागली आहे. माझे सगळे प्राणी हसतात. बैल हसतो, कावळा हसतो, मी काढलेला वाघ बघून पहिलीतली पोरं त्याला टाटा करतात. ती सात मेंढरंही हसली. भर उन्हात, तहानेनं जीव चाललेला, आणि सात मेंढरं कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी हसत होती. मला तेव्हा ते गोड वाटलं. चित्र गुंडाळून पाठवून दिलं. निंगव्वाला दाखवलं नाही.

चित्र निवडलं गेलं. आम्ही दोघं सिटी बसनं सभागृहात गेलो. तिनं वेणीला नवी रिबीन बांधली होती. भिंतीवर आपलं चित्र दिसताच ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओठ हलले, ओंदु, एरडु. मोजून झाल्यावर तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "निळं झालं की."

मी म्हटलं, "थोडा हात फिरवला."

ती पुन्हा भिंतीकडं वळली. त्या सात तोंडांजवळ वाकून बघत राहिली.

परीक्षक तिघं होते, पण बोलत होत्या एक बाई. चित्रकलेच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर. त्यांना हात ओळखता येत होते. आमच्या आधी एका मुलाच्या चित्रापुढं त्या थांबल्या, त्याला कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, ह्यातला हा मोर इथं काढून दाखव. मुलाला येईना. बाईंनी त्याच्या सरांना नाव घेऊन उभं केलं आणि सगळ्यांसमोर सभागृहाबाहेर जायला सांगितलं. ते सर माझ्या ओळखीचे. बूट पायात अडकवून खाली मान घालून निघून गेले. मागं मुलगा एकटाच चित्रापुढं रडत उभा. त्यानंतर आणखी एका बाईंची तीच गत झाली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

निंगव्वाची पाळी आली. बाई चित्राजवळ गेल्या. चष्मा खाली घेतला. मागं झाल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"कुणाची गं ही मेंढरं?"

"आमची हायत."

"हा माणूस?"

"अप्पा हाय माजा."

बाईंचा आवाज थोडा मऊ झाला. मग त्यांनी त्या सात तोंडांवर बोट ठेवलं, नंतर आकाशावर. "ह्या चित्रात दोन हात आहेत. हे कुणी केलंय?"

मी उठायला हवं होतं. एवढंच काम होतं, उठून उभं राहायचं. माझे गुडघे शाबूत होते. मी बसून राहिलो.

निंगव्वा म्हणाली, "मीच केलंय समदं."

बाईंनी तिच्यापुढं कागद सरकवला. "मग त्यातलं एक तोंड काढ. तसंच."

माझ्या मनात आलं, संपलं. वहीची मागची पानं मला आठवली. ह्या मुलीच्या हातून वाईट मेंढरू निघणारच नाही. ती म्हातारी काढेल, नाहीतर कानफाटी, आणि बाईंना एका क्षणात कळेल. तिनं पेन्सिल घेतली. क्षणभर भिंतीकडं बघितलं. मग अंड्यासारखा गोल काढला, त्यात दोन ठिपके, खाली एक वाकडी रेघ. माझं मेंढरू. हुबेहूब माझं. हसणारं. एवढं वाईट मेंढरू तिनं आयुष्यात काढलं नसेल, आणि ते काढताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

बाईंनी कागद चित्राशेजारी धरला. हुंकार दिला. "तुझंच आहे," म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं. मग मला शोधून म्हणाल्या, "सर, मुलीची नजर फार मोठी आहे. पण तोंडं आणि आकाश अगदी कच्चं आहे. तिथं जरा लक्ष द्या."

"देतो," मी म्हणालो.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एक प्रमाणपत्र आणि रंगांची पेटी. पहिलं बक्षीस तोंडात थर्मामीटर असलेल्या पृथ्वीला गेलं. बसमध्ये निंगव्वानं पेटीतल्या वड्या मोजल्या. पुण्याचं नाव तिनं काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. मीही काढलं नाही. एप्रिलमध्ये माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि मुख्याध्यापकांचं भाषण: रानातल्या मुलीला जिल्ह्याच्या भिंतीवर नेणारा शिल्पकार. टाळ्या वाजल्या. पाचव्या रांगेत निंगव्वाही वाजवत होती. मी शाल अंगावर ओढून बसलो, एप्रिलच्या उकाड्यात.

आठ वर्षं मी ते वाक्य पाठीवर घेऊन हिंडलो. लोक भेटले की म्हणायचे, ते मेंढरांचं चित्र तुमच्याच हातचं ना? मी म्हणायचो, छे, मुलीचं. पण असं म्हणायचो की समोरच्याला माझा मोठेपणा वाटावा.

स्मरणिकेचं पत्र आलं तेव्हा मी एसटी धरून मोहोळला गेलो. निंगव्वा तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बारावीनंतर तिनं कला शिक्षकाची पदविका घेतली, आता तासिका तत्त्वावर आहे. शाळेत शिरतानाच मी थांबलो. कुंपणाची अख्खी भिंत पोरांनी रंगवली होती. ऊस, ट्रॅक्टर, कुत्री, पाण्याचा टँकर आणि त्याच्यामागं घागरींची लांबलचक रांग. डोंगर एकही नव्हता. आणि वर सगळीकडं पांढरा चुना तसाच सोडलेला. मी तिथं उभा राहून शिपायाला सांगितलं, ह्या भिंतीच्या बाई माझ्या विद्यार्थिनी. त्यानं विचारलं नव्हतं.

ती वर्गात होती. दारातून बघितलं, दोन्ही हात पाठीमागं धरून बाकांमधून फिरत होती. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढी शेळी काढून द्या की."

"शेळी तुझ्या घरची आहे ना? मी तिला बघितलेलीसुद्धा नाही, मी कशी काढू?"

"थोडा हात तरी फिरवा."

"हात तुझा. मी फक्त बघणार."

वर्गात ती अशी छापील मराठी बोलते. मला बघितल्यावर बाहेर आली आणि जुनीच भाषा निघाली. पाया पडली, व्हरांड्यात खुर्ची आणली, चहा मागवला. मी चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. आकाश, सात तोंडं, माझं बसून राहणं, शाल. आता हे छापणार आहे, असंही सांगितलं.

ती म्हणाली, "लिवा की. पन मला समदं म्हाईत हायच." मग हसायला लागली. "सुट्टीत अप्पाला चित्र दाकवलं हुतं. त्यानं मोजली. बासष्ट बरोबर म्हणाला. मग त्या सातांवर बोट ठेवून म्हणतो, ही कुना पावण्याची दिसत्यात. आपली मेंढरं दात काडत न्हाईत."

मीही हसलो. डोळे पुसले. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. म्हटलं, निंगव्वा, तुला पुण्याला जायचं होतं. तो मोठा कागद हवा होता. त्या बाईंपुढं तू तुझं मेंढरू काढलं असतंस, खरं सांगितलं असतंस, तर त्यांनी तुला नेलं असतं. त्यांना तू आवडली होतीस. एवढं वाईट का काढलंस?

ती खडूचा हात ओढणीला पुसत राहिली.

"सर, त्या दिवशी समद्या पोरांच्या आया आल्या हुत्या. कुनाचं वडील, कुनाची आज्जी. डबं आनले हुते, फोटू काडत हुती. अप्पा-अव्वा तवा मेंढरं घिऊन लांब गेली हुती, आत्याला कारखान्यातनं सुट्टी मिळाली न्हवती. माज्याकडचं म्हणून त्या हॉलात तुमी एकलेच बसला हुता. तुमास्नी भाइर घालवलं असतं, तर मी कुनाकडं बगून उबी ऱ्हायले असते?"

घंटा झाली. तिचा पुढचा तास होता. जाताना म्हणाली, चहा घ्या, निवालाय. मी तिथंच व्हरांड्यात, तिला दारातून दिसेल अशा जागी खुर्ची सरकवून घेतली आणि तास संपेपर्यंत बसून राहिलो.